बाहीवरची पिवळी माती

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा! बसने पुलाशी सोडलं तेव्हा अकरा वाजले होते. पुलावर एक उंच, किंचित वाकलेला माणूस हातगाडी घेऊन उभा होता. मला बघताच तो असा ओरडला की मी दचकलोच. वाटलं, उशीर झाला म्हणून चिडलाय. तर तो म्हणत होता, "या या, दमला असाल!"

हे सुतारकाका. पुढचे दोन आठवडे मी ह्यांच्याकडे राहणार. माझी तिपाई, मोजपट्ट्या आणि चाळीस लोखंडी खुंट्या हातगाडीवर चढवून आम्ही निघालो. वाटेत जो भेटेल तो ओरडून स्वागत करत होता. शाळेच्या बाई तर फाटकातून अशा कडाडल्या की मला माझे लहानपणीचे सगळे न केलेले गृहपाठ आठवले. म्हणाल्या इतकंच, की चहाला या.

संध्याकाळी काकांनीच उलगडा केला. इथे जंगलात एक छोटासा धबधबा होता. दोन पुरुष उंचीचा, पण आवाज मोठा. सगळे त्याला 'धाकटी' म्हणत. वस्तीतली वीस-बावीस घरं जन्मापासून त्या आवाजावर आवाज चढवून बोलत आली. पाच महिन्यांपूर्वी दरड कोसळली आणि धाकटी गाडली गेली. आता चिडीचूप आहे, पण लोकांचे आवाज काही खाली आलेले नाहीत. मी हळू बोलतो म्हणून त्यांना माझं निम्मं कळतच नाही. मला त्यांनी लगेच 'मोजणीवाले' असं नाव पाडून टाकलंय.

खोली झकास आहे. खाली काकांचा कारखाना, त्यामुळे सगळीकडे ताज्या लाकडाचा वास. टेबलाचा एक पाय जरा आखूड होता तर काकांनी पाच मिनिटांत पाचर मारून दिली. खिडकीतून दरडीचा ढिगारा समोर दिसतो. त्याची हालचाल होतेय का, ते मोजायचं, हे माझं काम. ऑफिसच्या नोंदवहीत नुसते आकडे जातात, म्हणून बाकीचं इथे लिहीत जाईन.

ह्या भागात मी पहिल्यांदाच येतोय. आवडेल असं वाटतंय.

४ तारीख, मंगळवार

सकाळी ढिगारा पाहिला. लाल माती, घराएवढे दगड, मुळं वर करून पडलेली झाडं. धबधब्यापाशी बसायला काकांनी बाकं केली होती, त्यातल्या एकाचा हात मातीतून वर आलाय. त्यावर एक पक्षी बसला होता.

आडव्या रांगेत वीस खुंट्या ठोकल्या. रांग वाकली तर ढिगारा सरकतोय असं समजायचं. उरलेल्या वीस शाळेच्या मागच्या उतारावर. तो उतार दरडीत कोसळला नव्हता, पण साहेबांनी सांगितलं होतं की तोही धरा.

काका दुपारी डबा घेऊन आले. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी ढिगाऱ्यातली एक जागा दाखवली. तिथे काकूंची चहाची टपरी होती. दरड आली तेव्हा काकू टपरीत होत्या, काका शहरात कुणाचे तरी दरवाजे पोचवायला गेले होते. काकू सापडल्या नाहीत. काकांनी हे सगळं नेहमीच्याच मोठ्या आवाजात सांगितलं आणि मग डबा उघडून म्हणाले, "जेव. तुझ्याच वयाचा भाचा आहे मला, तोही असाच हाडकुळा."

कालचं 'तुम्ही' आज 'तू' झालं. मी मान खाली घालून जेवलो.

५ तारीख, बुधवार

एक गोष्ट जुळत नाही. धाकटीचा ओढा वरच्या रानातून येतो. बाई म्हणतात, वर तो अजून भरभरून वाहतो आणि ढिगाऱ्याच्या माथ्याशी येऊन जमिनीत शिरतो. खाली मात्र पात्र ठणठणीत कोरडं. पाच महिने पाणी आत जातंय आणि बाहेर कुठेच येत नाही. मग ते आहे कुठे?

शाळेत गेलो. मागच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल आहे. खडू दमट होतात, एक फरशी फुगून वर आलीय. पंधरा दिवसांपासून, बाई म्हणाल्या. ह्या कोरड्या दिवसांत. मागच्या उतारावरच्या खुंट्या पाहिल्या. चौथीपासून नववीपर्यंत रांग बोटभर पुढे आलीय. एका दिवसात.

रात्री जेवताना काकांना सहज विचारलं, की दरडीआधी कुणाला काही दिसलं नव्हतं का. ते म्हणाले, दिसलं होतं की. काकू सरपणाला वर जायच्या, त्यांना माथ्यावर एक भेग दिसली होती. त्यांनी आत हात घालून पाहिला तर मनगटापर्यंत गेला. आठवड्याने कोपरापर्यंत. मग दरडीच्या एकोणीस दिवस आधी ऑफिसचा एक पाहणीवाला आला. काकूंनी त्याला सांगितलं, तो वर जाऊन स्वतः बघून आला आणि म्हणाला, भेग जुनी आहे, घाबरायचं कारण नाही.

"नाहीतर त्याच रविवारी टपरी उतरवणार होतो मी," काका म्हणाले. "पण शिकलेला माणूस स्वतः चढून बघून आला म्हटल्यावर..."

ताट बाजूला सारलं. पोट बिघडलंय असं सांगून वर आलो.

६ तारीख, गुरुवार

सोमवारी मी इथे लिहिलं की ह्या भागात पहिल्यांदाच येतोय. ते खोटं आहे. ही वही कुणी वाचत नाही, तरी मी तिच्यातसुद्धा खोटं लिहिलं.

तो पाहणीवाला मी.

त्या दिवशी विशेष काहीच घडलं नव्हतं. आजारी असतो, घरी काही अडचण असती, तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं. नवे बूट टाचेला चावत होते. पाऊस भुरभुरत होता. माथ्यावर जायला दोन तास लागतात आणि मला चारची बस गाठायची होती. बस्स.

काकूंनी मला टपरीत बसवलं. तिथे दुसरं कुणी नव्हतं, आणि वस्तीत मी गेलोच नाही. माझे ओले मोजे स्वतःहून चुलीपाशी वाळत टाकले. दोन कप चहा दिला. मग त्यांनी आपला उजवा हात पुढे केला, डाव्या हाताने मनगटाला धरून म्हणाल्या, आधी एवढा जायचा. मग कोपराला धरून म्हणाल्या, आता एवढा. त्यांच्या बोटांच्या पेरांत पिवळी माती होती. मी म्हटलं, बघून येतो. त्यांनी आधाराला काठी दिली.

मी पहिल्या वळणापर्यंत गेलो. तिथे एका दगडावर अडीच तास बसलो, खिशातले शेंगदाणे खाल्ले. मग काठीच्या टोकाला मुद्दाम चिखल लावून खाली आलो. त्यांनी विचारलं, दिसली का? मी म्हटलं, दिसली हो, जुनी आहे, घाबरू नका. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. मोकळं मोकळं वाटल्यासारखं. त्यांनी तिसऱ्या चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

अहवालात लिहिलं, माथा आणि शाळेमागचा उतार प्रत्यक्ष पाहिला, उतार भक्कम, भेग आढळली नाही. त्याची प्रत शाळेच्या सूचनांच्या फळ्यावर आजही टाचलेली आहे. नाव नाही, नुसता हुद्दा. माझी सही मलाही वाचता येत नाही, याचं आज पहिल्यांदा बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटली.

साहेबांनी ह्या कामावर मलाच धाडलं, कारण 'तुम्ही ती जागा पाहिलेली आहे.'

७ तारीख, शुक्रवार

भर दुपारी बारा वाजता, उन्हात, शाळेच्या उतारावर मोजत असताना उजव्या मनगटाला गार लागलं. कोट काढला. सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओली होती आणि तिला पिवळी माती लागली होती. कोट बाहेरून आतून कोरडा.

मी कशालाही हात लावला नव्हता. ढिगाऱ्याची माती लाल आहे, उताराची काळी. बाईंना विचारलं, पिवळी माती कुठे मिळते. त्या म्हणाल्या, फक्त वर, माथ्यावर. सुतारकाकूंचे हात कायम पिवळे असायचे.

बाही धुतली. मनगट धुतलं. गारठा गेला नाही.

८ तारीख, शनिवार

खुंट्या आज चार बोटं पुढे. एक खुंटी पूर्ण तिरकी झालीय.

दुपारी ढिगाऱ्यावर उभा असताना पायाखालून आवाज आला. पाणी पडण्याचा. खूप खोल, जाड भिंतीपलीकडे कुणीतरी नळ सोडून ठेवावा तसा. काकांना सांगितलं तर म्हणाले, तो सगळ्यांनाच ऐकू येतो, कानांची सवय आहे, जाईल हळूहळू. पण मी तर धाकटीचा आवाज ऐकत मोठा झालेलो नाही. मला कसली सवय?

काका कसलीशी पेटी करतायत, फार मन लावून. विचारलं तर म्हणाले, तुझ्या खुंट्या ठेवायला. पोत्यात गंजतील.

ह्यापेक्षा त्यांनी मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ तारीख, रविवार

बाईंनी जेवायला बोलावलं होतं. काका, मी आणि त्या. मुलं किती गोड आहेत, बावीसच्या बावीस कशी रोज येतात, हे त्या सांगत होत्या. मी मीठ घ्यायला हात पुढे केला आणि बाहीतून पाणी ताटात पडलं. पिवळं.

कोपरापर्यंत.

बाईंनी पंचा दिला. काका माझ्या हाताकडे बघत राहिले. त्यांच्या मनात काय आलं ते मला विचारवलं नाही.

परत येताना पुलावर थांबलो आणि एकदम लख्ख कळलं. मनगट, मग कोपर. काकू मला माप सांगतायत. टपरीत सांगितलं होतं तसंच, न रागावता. वर नवी भेग आहे, शाळेच्या वर, आणि ती वाढतेय. मी चढून बघणार नाही हे त्यांना आता माहीत आहे, म्हणून त्या माझ्या हातावर आणून पोचवतायत.

दोन हात असते तर डोकं धरून बसलो असतो. उजवा धड उचलत नाही.

१० तारीख, सोमवार

साहेबांना फोन केला. म्हटलं, शाळा आणि वस्ती ताबडतोब हलवायला हवी, आतून पाणी साठलंय. त्यांनी फाइल काढली आणि माझाच अहवाल मला वाचून दाखवला. माथा प्रत्यक्ष पाहिला. उतार भक्कम. भेग नाही. म्हणाले, "हे तुम्हीच लिहिलंय ना? शाळेमागचा उतार तर दरडीतही हलला नाही. पाच महिन्यांत डोंगर बदलला का?"

एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, मी वर गेलो नव्हतो. पाच शब्द. तोंड उघडलं. पलीकडे ऑफिसातला पंखा, कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. नोकरी डोळ्यांसमोर आली असंही नाही. त्या हसण्यात माझं नाव निघेल, एवढंच मनात आलं.

म्हटलं, हो साहेब, मीच लिहिलंय. पुन्हा मोजून कळवतो.

बावीस मुलं. आणि मी म्हटलं, पुन्हा मोजून कळवतो.

११ तारीख, मंगळवार

पळून जायला निघालो होतो. लिहून टाकतो.

काका लाकूड आणायला गेले तेव्हा बॅग भरली, पुलावर जाऊन अकराच्या बसमध्ये बसलो. शेजारी एक म्हातारी होती. बस सुरू झाली आणि बाहीतून पाणी गळायला लागलं, तिच्या मांडीवर, तिच्या पिशवीवर. थांबेना. ती चिडली नाही. तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, किती गार पडलाय रे, कुठे घातला होतास?

ओरडून बस थांबवली, उतरलो.

काका दारात उभे होते. बॅगेकडे पाहिलं. बॅग उचलून वर नेऊन ठेवली.

१२ तारीख, बुधवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वेडंवाकडं येतंय.

खांद्यापर्यंत. सकाळी दहा वाजता, खुंट्या मोजताना. उजवा हात आता माझा नाही असा लोंबतोय. नखांत माती भरलीय, काढली की पुन्हा भरते.

खुंट्या — सहा पडल्या. उरलेल्या हातभर पुढे. शाळेच्या भिंतीतून पाणी झिरपत नाही आता, वाहतंय. मुलांनी त्यात कागदाची होडी सोडली.

उद्या सांगतो. उद्या नक्की.

१३ तारीख, गुरुवार

सांगितलं. काकांना.

ते रंधा मारत होते. मी दारात उभं राहून सगळं सांगितलं. बूट, शेंगदाणे, काठीला लावलेला चिखल. रंधा थांबला नाही. वाटलं, ऐकू गेलं नसेल, मी हळू बोलतो. पण मग फळी संपली तरी ते रंधा मारतच राहिले.

शेवटी बोलले. पहिल्यांदाच हळू आवाजात. म्हणाले, मला वाटायचं, तो वर गेला असेल आणि त्याला कळलं नसेल. माणसाची चूक होते. एवढ्या एका गोष्टीवर मी पाच महिने जेवलो, झोपलो.

मी पाया पडायला वाकलो तर मागे सरकले.

"आता आधी मुलांचं बघा," म्हणाले. "तुम्ही बाईंना सांगा. मी पुलापलीकडच्या लाकडाच्या वखारीत जागा करतो."

तुम्ही.

१४ तारीख, शुक्रवार

शाळेचं पटांगण. सगळी वस्ती जमली होती. बाईंनी घंटा वाजवून बोलावलं.

म्हटलं, घरं सोडा. दुकानदारीण म्हणाली, का सोडायची? फळ्यावर कागद आहे, ऑफिसच्या माणसाने स्वतः बघून लिहिलंय, उतार भक्कम. तुम्ही कालचे आलेले.

मी म्हटलं, तो माणूस मीच, मी वर गेलो नव्हतो.

मागून ओरडले — ऐकू येत नाही! मोठ्याने बोला!

पुन्हा म्हटलं. पुन्हा — मोठ्याने!

तिसऱ्यांदा ओरडलो. नरड्याच्या शिरा तुटतील असा. मी वर गेलोच नव्हतो! तुमच्या काकूंशी खोटं बोललो! बाकं, टपरी, धाकटी — सगळं जाणार हे मला आधीच कळू शकलं असतं, मी शेंगदाणे खात बसलो होतो!

मग शांतता. इतकी, की जमिनीखालचं पाणी सगळ्यांनी ऐकलं.

कुणी दगड मारला नाही. एक पहिलीतली मुलगी आईला विचारत होती, ते काका का रडतायत.

मुलं आणि बाई वखारीत गेली. अकरा घरंही गेली. बाकीचे म्हणतात, एकदा खोटं बोललेल्या माणसाचं दुसऱ्यांदा का ऐकायचं? ऑफिसचा हुकूम आणा.



१५ तारीख, शनिवार

साहेबांना फोन. सगळं सांगितलं. ह्या वेळी पलीकडे कुणी हसलं नाही. म्हणाले, तुमचं काय करायचं ते नंतर. हुकूम काढतो, पण आता तुमच्या शब्दावर नाही. माथ्यावर जा. भेगेची लांबी, रुंदी, खोली कळवा. आकडा द्या.

शेवटी तेच. वर जायचं.

छातीपर्यंत ओलं. श्वास घेतला की आत खळखळतं. काका खालच्या पायरीवर जेवणाचं ताट ठेवून गेले. झाकून.

उद्या उजाडताच —

१६ तारीख, रविवार

माथा. सकाळचे नऊ. ऊन आहे.

दोन तास लागले. दोनच तास.

भेग आहे. शाळेच्या बरोब्बर वर. एकसष्ट पावलं लांब. रुंदी दोन वीत. ओढा सबंध तिच्यात उतरतोय. आवाज —

वर फोन लागतो. साहेबांना लांबी-रुंदी सांगितली. त्यांनी पुन्हा म्हणून घेतली. खोली? म्हटलं, बघतो.

पट्टी पाण्याने ओढून नेली. म्हणून पालथा पडलो, उजवा हात आत सोडला. तसाही मेलेलाच. खांद्यापर्यंत गेला. तळ नाही.

बोटांना कळायला लागलं. चार दिवसांनी. गार नाही — ऊब आहे.

आत कुणीतरी हात धरला.

खरखरीत हात. कामाचा. ओढत नाही. नुसता धरलाय. आणखी आत नेतोय, सावकाश, एखादी वस्तू दाखवावी तसा. बोटं टेकवली — दगड नाही तिथे. मागे सगळं पोकळ. नुसतं पाणी. अख्खा डोंगर पाण्यावर —

साहेबांना सांगितलं. पोकळ आहे. आत्ता, आत्ता काढा लोकांना. म्हणाले, हुकूम दिला. बाईंना फोन केलाय.

घंटा ऐकू येतेय.

वही गुडघ्याशी धरलीय. डाव्या हाताने. उजवा सुटत नाही. मी म्हटलं, काकू, सोडा. मग वाटलं, कुठल्या तोंडाने म्हणतोय.

लोक निघाले. इथून मुंग्यांएवढे दिसतात. पूल. दुकानदारीण, डोक्यावर गाठोडं. दोन घरं. तीन. सात. म्हातारा पाठीवर. नऊ — शेवटचं घर. पलीकडे गेले. सगळे गेले. सगळे —

जमीन हलली. थोडीशी. भेग आता तीन वीत.

काका पुलावर नाहीत.

काका वर येतायत. पहिलं वळण केव्हाच मागे टाकून शेवटच्या चढाला लागलेत, माझ्या बरोब्बर खाली. खांद्यावर दोर आहे. माझ्यासाठी. नको —

ओरडतोय. येऊ नका. माझा आवाज पाण्याच्या आवाजापलीकडे जात नाही. ते मान वर करून हात हलवतात. त्यांना वाटतं मी बोलावतोय. आणखी भराभरा —

हात धरलेलाच आहे. घट्ट झाला.

दगड फेकला. थांबले नाहीत.

वही फेकतो. ती बघून थांबतील, उचलायला वाकतील. वाचायला लागतील. तेवढा वेळ पुरेल, परत फिरायला —

काका, हे शेवटचं पान आधी वाचा. मी चढलो. काकू आहेत इथे, रागावलेल्या नाहीत. तुम्ही जिथे उभे आहात तिथून उजवीकडे खडक आहे, पक्का, येताना मी स्वतः बघितलाय, खरंच बघितलाय, ह्या एका वेळी माझं ऐका, त्याच्यावर चढा आणि इकडे बघू न